आरव्हीत नेट नीट चालावं म्हणून: आधी कच्चा दुवा शोधा

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा येतात, मुलांच्या शाळांना सुट्टी लागते आणि अमेरिकेतली बरीच मराठी घरं पहिल्यांदाच आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतात. पाणी कसं भरायचं, सांडपाण्याची टाकी कशी रिकामी करायची, हे सगळं गाडी ताब्यात देताना समजावून सांगतात. नेटचा विषय निघाला तर एवढंच उत्तर मिळतं, की कॅम्पग्राउंडवर वायफाय असतं. मग पहिल्याच संध्याकाळी आई पुण्याला मावशीला व्हिडिओ कॉल लावते आणि पडद्यावर नुसती चकरी फिरत राहते.

मी काही वर्षं आरव्हीतून फिरते आहे. मुक्काम लांबला की ऑफिसचं कामही तिथूनच करते. सुरुवातीला नेट रडायला लागलं तेव्हा मी थेट सिग्नल वाढवणारा बूस्टर विकत आणला. काडीचाही फरक पडला नाही, कारण माझ्या गाडीपर्यंत सिग्नल उत्तम येत होता. अडचण टॉवरच्या पलीकडे होती. पैसे गेल्याचं दुःख झालंच, पण त्यातून जे कळलं ते नवीन माणसाला सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं. काहीही विकत घेण्याआधी कुठला दुवा कच्चा आहे ते शोधा.

तीन दुवे

तुमचा लॅपटॉप आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा लॅपटॉपपासून आरव्हीतल्या हॉटस्पॉट किंवा राउटरपर्यंतचा (बाहेरून आलेलं नेट गाडीत वायफायने वाटणारा डबा किंवा फोन), म्हणजे जेमतेम पंधरा-वीस फुटांचा. दुसरा आरव्हीपासून मोबाइल टॉवरपर्यंत, कॅम्पग्राउंडच्या वायफायच्या खांबापर्यंत, नाहीतर उपग्रहापर्यंतचा. तिसरा त्या टॉवरपासून किंवा खांबापासून पुढचा, जो आपल्या हातात अजिबात नसतो.

अँटेना, बूस्टर, उंच काठी ही सगळी दुसऱ्या टप्प्याची औषधं. पहिला टप्पा कच्चा असेल तर राउटरची जागा बदलून काम होतं. तिसरा कच्चा असेल तर वेळ बदला, कंपनी बदला किंवा मुक्कामच बदला. तिथे दुसरा इलाज नाही.

दांड्या मोजू नका, आकडे बघा

फोनवरच्या दांड्यांवर भिस्त ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपापलं ठरवतो. सिग्नलच्या ताकदीचा खरा आकडा डीबीएम या मापात असतो आणि तो नेहमी उणे असतो. आयफोनवर फोनच्या कीपॅडवरून *३००१#१२३४५#* हा नंबर लावला की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या फोनच्या माहितीत सिम स्टेटस असतं, तिथे सिग्नल स्ट्रेंथ दिसते. वायफाय बंद करून आरएसआरपी नावाचा, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा पाहा.

उणे ८० किंवा त्याहून वर असेल तर रेंज उत्तम. उणे ९०च्या आसपास चांगली. उणे १००ला काम भागतं. उणे ११०ला रडतखडत चालतं आणि उणे १२०ला जवळजवळ संपलं. हे आकडे सरळ मोजपट्टीचे नाहीत, हे ध्यानात ठेवा. यातल्या फरकाला डेसिबल म्हणतात, आणि दर १० डेसिबलला ताकद दहापट बदलते. उणे ९० वरून उणे ११० म्हणजे सिग्नल शंभरपट क्षीण झाला. म्हणून अँटेना थोडी वर नेऊन ६-७ डेसिबल जरी पदरात पडले तरी ती मोठी कमाई आहे.

आता पाच मिनिटांची तपासणी. फोन घेऊन आरव्हीच्या बाहेर, दहा पावलं लांब उभे राहा. आकडा लिहून घ्या आणि स्पीड टेस्ट चालवा. मग आत येऊन तेच करा. बाहेर उणे ९२ आणि आत उणे १०८ असेल तर गाडीचं अंगच सिग्नल अडवतं आहे. बाहेरसुद्धा उणे ११२ असेल तर टॉवर लांब आहे किंवा मध्ये डोंगर आहे. आत-बाहेर दोन्हीकडे उणे ८५ असूनही स्पीड मिळत नसेल, तर तिसरा टप्पा कच्चा आहे, बहुधा टॉवरवर गर्दी आहे. तिथे बाजारातला सगळ्यात महाग बूस्टरही उपयोगाचा नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

स्पीड किती लागतो याचीही उगाच धास्ती घेऊ नका. एका माणसाशी नीट दिसणाऱ्या झूम कॉलला साधारण १.२ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) पुरतात. नेटफ्लिक्सवर फुल एचडी चित्रपट बघायला ५ लागतात. कॉल तुटतात ते बहुतेक वेळा अपलोडमुळे. टॉवर जोरात बोलतो, पण फोनचा आवाज फार बारीक असतो, साधारण ०.२ वॉटचा. तुम्हाला समोरचे दिसतात, पण तुम्ही त्यांना दिसत नाही, असं झालं की अपलोडचा आकडा बघा.

निघण्याआधी घरी बसून

अमेरिकेत स्वतःचं मोबाइल जाळं असलेल्या तीन मोठ्या कंपन्या आहेत: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. बाकी स्वस्त नावं बहुतेक यांच्याच जाळ्यावर चालतात. व्हिजिबल व्हेरायझनच्या, क्रिकेट एटी अँड टीच्या, मिंट टी-मोबाइलच्या. घरातल्या चारही फोनवर एकच कंपनी असेल तर रानात चारही फोन एकदमच मुके होतात. अँटेनावर खर्च करण्याआधी एका फोनवर दुसऱ्या कंपनीचं महिन्याभराचं ईसिम, म्हणजे नेटवरून फोनमध्येच उतरवायचं सिम, घ्या. नवीन माणसासाठी याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. घेताना एवढं मात्र वाचा, की हॉटस्पॉटला किती डेटा आहे. फोनवर अमर्याद लिहिलेलं असलं तरी हॉटस्पॉटची मर्यादा बऱ्याचदा वेगळी आणि लहान असते. आणि स्वस्त प्लॅनवाल्यांना टॉवरवर गर्दी झाली की रांगेत मागे उभं केलं जातं.

कंपन्यांचे रंगीत नकाशे पाहा, पण त्यांवर विसंबू नका. कॅम्पेंडियम या संकेतस्थळावर लोक कॅम्पग्राउंडनुसार कुठल्या कंपनीची रेंज कशी मिळाली ते लिहून ठेवतात, ते जास्त कामाचं. टॉवर साधारण कुठल्या दिशेला आहे ते सेलमॅपर या टॉवरच्या नकाशावर सापडतं. जायच्या जागेच्या आसपासचा नकाशा आधीच बघून, "टॉवर गावाजवळ, आपल्या ईशान्येला" इतकं कागदावर टिपून ठेवा. तिथे पोचल्यावर बघू म्हटलं तर बघायला नेट नसतं.

जुना फोन हॉटस्पॉट म्हणून नेणार असाल तर तो निदान फोर-जी आहे ना ते तपासा. २०२२ साली तिन्ही कंपन्यांनी थ्री-जी बंद केलं.

गाडी कुठे आणि कशी उभी करायची

कोकणातल्या कितीतरी वाड्यांमध्ये फोनला रेंज धरायला घरामागच्या टेकाडावर जावं लागायचं. तीच अक्कल इथेही चालते. कॅलिफोर्नियातला ३९५ नंबरचा रस्ता हे चांगलं उदाहरण आहे. लोन पाइन, बिशप, मॅमथ लेक्स या गावांजवळ नेट मिळतं. पण सिएरा नेवाडाच्या एखाद्या अरुंद दरीत पाच-सात मैल आत शिरलात, की दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती उभ्या राहतात आणि रेंज गुल होते. काम असेल त्या दिवशी मोकळ्या खोऱ्यात मुक्काम करा. सुट्टीच्या दिवशी दरीत जा.

कॅम्पग्राउंडच्या आतसुद्धा जागेजागेत फरक असतो. आरक्षण करताना दाट पाइनच्या सावलीतली जागा सगळ्यांनाच हवी असते. पण पानं, विशेषतः पावसाने ओली झालेली पानं, सिग्नल खातात. शक्य असेल तर एक चक्कर पायी मारा, तीन-चार जागांवर आकडा बघा आणि मग जागा निवडा. कधीकधी वीस-पंचवीस फूट सरकल्यावर ८-१० डेसिबलचा फरक पडतो, कारण मध्ये असलेलं शौचालयाचं बांधकाम किंवा शेजाऱ्याची भलीमोठी बस बाजूला होते.

आता गाडीचं अंग. काही आरव्हींचं बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं असतं. एअरस्ट्रीम तर पूर्ण ॲल्युमिनियमची, म्हणजे एका अर्थी डबाच. फायबरग्लासच्या गाड्यांमधून सिग्नल बरा आत येतो, पण उष्णता अडवण्यासाठी छतात चकचकीत धातूचा कागद घातलेला असेल तर तोही आडवा येतो. म्हणून हॉटस्पॉट कधीही कपाटात, टीव्हीमागे किंवा फ्रिजशेजारी ठेवू नका. टॉवरच्या बाजूच्या खिडकीच्या काचेला, जमेल तितका उंच लावा. भाड्याच्या गाडीत तर एवढंच करता येतं, आणि बऱ्याचदा तेवढं पुरतं.

पहिल्या टप्प्याचं काय, तर गाडीत वायफायसाठी ५ गिगाहर्ट्‌झचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, वापरा. अंतर इतकं थोडं असतं की त्याचा कमी पल्ला आड येत नाही. शिवाय २.४ गिगाहर्ट्‌झवर शेजारच्या तीस गाड्यांचा कल्ला चालू असतो आणि मायक्रोवेव्हही त्याच सुमाराच्या लहरी वापरतो. आरव्हीत मायक्रोवेव्ह तुमच्यापासून हातभर लांब असतो. ऐन मीटिंगमध्ये कुणी दूध गरम करायला ठेवलं आणि कॉल अडखळला, तर कारण हे असू शकतं.

कॅम्पग्राउंडचं वायफाय

याच्याकडून फार आशा ठेवू नका, पण ते टाकूनही देऊ नका. ऑफिसजवळ एक जोडणी असते आणि ती शे-दीडशे गाड्यांत वाटली जाते. खांबाजवळची जागा मिळाली तर पाच दांड्या दिसतील, पण पुढची नळीच बारीक असेल तर पाणी तेवढंच येणार.

इथे एक छोटा ट्रॅव्हल राउटर कामी येतो. तो कॅम्पग्राउंडचं वायफाय पकडतो आणि गाडीत तुमचं स्वतःचं, वेगळ्या पासवर्डचं वायफाय तयार करतो. लॉगिनचं पान एकदाच भरायचं, मग घरातली सगळी उपकरणं चालतात. जीएल.आयनेटचे हाताच्या पंजात मावणारे राउटर लोक खूप वापरतात. मोठा खर्च करायचा असेल तर पेपलिंकचे आहेत, त्यात सिमही बसतं. राउटरवर व्हीपीएन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवायची सोय, चालू केलीत तर सार्वजनिक जाळ्यावर बँकेचं काम करण्याची धास्तीही कमी होते. फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून ठेवा. मोबाइलची रेंज नसली तरी वायफायवरून साधे फोन लागतात.

बूस्टर की अँटेना?

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच गोंधळतो आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बूस्टर म्हणजे बाहेरच्या अँटेनाने सिग्नल पकडायचा, मधल्या डब्यात वाढवायचा आणि आतल्या अँटेनाने गाडीत सोडायचा. फोनकडून टॉवरकडे जाणारा बारीक आवाजही तो मोठा करतो. त्यामुळे जिथे बाहेर उणे ११२ आहे, मेसेज जात नाही, फोन लागत नाही, तिथे बूस्टर खरोखर उपकार करतो. वीबूस्टचा आरव्हीसाठीचा संच याच कामाचा आहे.

पण त्याच्या मर्यादा विक्रेता सांगेलच असं नाही. पहिली मर्यादा, ग्राहकांसाठीचे साधे बूस्टर ठरावीक जुने बँडच वाढवतात. टी-मोबाइलचा लांब पल्ल्याचा ६०० मेगाहर्ट्‌झचा बँड, त्यांचा फाइव्ह-जीचा २.५ गिगाहर्ट्‌झचा बँड आणि व्हेरायझन व एटी अँड टीचा ३.७ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा सी-बँड त्यात येत नाहीत. दुसरी, आजचे फोन एकाच वेळी दोन किंवा चार अँटेनांनी वेगवेगळे प्रवाह घेतात, याला मायमो म्हणतात. एका अँटेनाचा बूस्टर ते सगळं एका धारेत कोंबतो. म्हणून सिग्नल बऱ्यापैकी असताना बूस्टर लावला तर दांड्या वाढतात आणि स्पीड घटतो. तिसरी, बाहेरची आणि आतली अँटेना एकमेकींच्या फार जवळ आल्या की गणपतीच्या मांडवात माईक कर्ण्यासमोर आल्यावर जी किंचाळी उठते, तोच प्रकार होतो. मग बूस्टर स्वतःला आवरतो किंवा बंद पडतो. आरव्ही लहान असल्यामुळे हे वारंवार घडतं. बाहेरची अँटेना छताच्या एका टोकाला आणि आतली दुसऱ्या टोकाला, खाली, एवढं अंतर ठेवावं लागतं.

बूस्टर एफसीसीची, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेची, मान्यता असलेलाच घ्या आणि वापरण्याआधी आपल्या मोबाइल कंपनीकडे त्याची नोंद करा. हा २०१३ सालापासूनचा नियम आहे आणि तो रास्त आहे. बिघडलेला बूस्टर टॉवरवर गोंगाट करतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडवतो.

अँटेनाचं तसं नाही. हॉटस्पॉटला किंवा राउटरला बाहेरच्या अँटेनाची सॉकेट असतील, तर दोन किंवा चार तारांची मायमो अँटेना थेट जोडता येते. सगळे प्रवाह शाबूत राहतात आणि स्पीड वाढतो. एका ओळीत माझं मत सांगायचं तर: फोन लागावा म्हणून बूस्टर, ऑफिसचं काम व्हावं म्हणून मायमो अँटेना.

अँटेना सर्व दिशांची घ्यायची की एकाच दिशेची? रोज गाव बदलणार असाल तर सर्व दिशांची, कारण तिला रोखायची कटकट नसते. आठवडाभर एकाच जागी राहणार असाल आणि टॉवर लांब असेल तर एका दिशेची घ्या. ऐंशीच्या दशकात आपल्या गच्च्यांवर दूरदर्शनसाठी माशाच्या काट्यासारखा अँटेना असायचा. एक जण वर तो फिरवायचा, दुसरा खिडकीतून ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" ती यागी अँटेना, आणि इथेही तीच चालते. फक्त पडद्यावरच्या मुंग्यांऐवजी आता डीबीएमचा आकडा बघायचा. हळूहळू फिरवा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा लगेच स्थिर होत नाही.

तारेकडे दुर्लक्ष करू नका. स्वस्त बारीक तारेत काही मीटरमध्येच अँटेनाची निम्मी कमाई बुडते. तार शक्य तितकी आखूड ठेवा, आणि लांब हवीच असेल तर एलएमआर-४०० सारखी जाड घ्या. चुंबकाच्या अँटेना घेतानाही एक गोष्ट बघा: आरव्हीचं छत रबराचं, फायबरग्लासचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटतच नाही. तो फक्त पुढच्या ड्रायव्हरच्या केबिनच्या पोलादी छतावर किंवा व्हॅनवर बसतो.

स्टारलिंक

२०२२च्या मे महिन्यात आरव्हीसाठी स्टारलिंक, म्हणजे छोट्या तबकडीने उपग्रहावरून मिळणारं नेट, मिळायला लागलं आणि रानातल्या मुक्कामाचं गणित बदललं. आता त्या सेवेला रोम (Roam) म्हणतात. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जुन्या पद्धतीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, तिथून सिग्नल जाऊन येईपर्यंत बोलण्यात अवघडलेली फट पडायची. स्टारलिंकवर ती जाणवत नाही.

त्याला टॉवर लागत नाही, पण मोकळं आकाश लागतं. थोडंथोडकं नाही, बरंच. झाडाची एक फांदी आड आली तरी दर काही मिनिटांनी कॉल तुटतो. ॲपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशात फिरवून अडथळे तपासायची सोय आहे, ती सोय तबकडी पेटीतून काढायच्या आधीच वापरा. अमेरिकेत उत्तरेकडचं आकाश मोकळं असलेलं बरं. गाडी सावलीत आणि तबकडी तारेच्या लांबीइतकी दूर, उन्हात, अशी मांडणी उत्तम. मात्र तार चालत्या लोकांच्या पायात येणार नाही हे बघा.

विजेचा हिशेब आधी करा. मोठी तबकडी ७५ ते १०० वॉट खाते, मिनी नावाची लहान तबकडी २५ ते ४०. गाडीत १०० ॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी असेल तर तिच्यात साधारण १,२८० वॉट-तास असतात. मिनी दहा तास चालवली तर पाव बॅटरी जाते, मोठी चालवली तर दोन-तृतीयांश. वीजजोडणी नसलेल्या जागी राहणार असाल तर मिनीच घ्या.

घड्याळाचा फायदा

तिसऱ्या टप्प्यावरचा एकमेव मोफत इलाज म्हणजे वेळ, आणि तो आपल्याला भारी लागू पडतो. रात्रीचं जेवण झालं की अख्खं कॅम्पग्राउंड चित्रपट लावून बसतं. साधारण सात ते अकरा ही गर्दीची वेळ. आपणही नेमका तेव्हाच भारतात फोन लावतो, कारण तिकडे सकाळ झालेली असते. पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे ८ म्हणजे पुण्यात सकाळचे साडेआठ. त्याऐवजी इकडे सकाळी ७ला कॉल लावा. तिकडे संध्याकाळचे साडेसात असतात, सगळे घरी आलेले असतात आणि इकडे टॉवर निवांत असतो. माझ्या आईने ही वेळ धरल्यापासून मावशीचा चेहरा अडकत नाही. मोठ्या फाइल, फोटोंचा बॅकअप आणि मुलांचे कार्यक्रम उतरवून घेण्याचं कामही पहाटेच्या वेळेला लावून ठेवा.

जिथे रेंज नाहीच

यलोस्टोनच्या बहुतांश भागात मोबाइल चालत नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक या गावाभोवती तर १९५८ सालापासून सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा रेडिओ शांतता विभाग आहे. तिथली शंभर मीटर व्यासाची दुर्बीण आकाशातले अतिशय मंद रेडिओ संकेत ऐकते, म्हणून तिच्या अगदी जवळ साध्या वायफायवरही बंधनं आहेत. अशा जागी बूस्टर लावू नका.

जाण्याआधी त्या भागाचे नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, आरक्षणाच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट काढा, आणि घरी व ऑफिसला नेमकं सांगा, की अमुक दिवशी अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनमधून रेंज नसतानाही उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवता येतो. आईबाबा सोबत असतील तर त्याचा सरावाचा डेमो फोनमध्येच आहे, तो निघण्याआधी एकदा करून बघा.

अँटेना काठीवर चढवली असेल तर वरून विजेच्या तारा जात नाहीत ना ते उभारतानाच बघा, आणि आभाळ गडगडायला लागलं की ती उतरवा. निघायच्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी एक फेरी मारा: काठी खाली, तबकडी पेटीत, तार गुंडाळलेली, खिडकीवरचा हॉटस्पॉट काढलेला. मी स्टिअरिंगवर एक लाल रिबीन बांधून ठेवते आणि काठी उतरली की मगच ती सोडते.